चार्ज बाहेर ठेवला तर फ्लक्स शून्य कसा? (इलेक्ट्रिक फ्लक्स आणि चार्जचं नातं)

शेवंती | मंगळवार, रात्री ९:१२

लेक बारावीला आहे. काल मी पोळ्या करत होते आणि ती ओट्याला टेकून उभी. हातात कॅलेंडरचं फाडलेलं पान, मागच्या कोऱ्या बाजूला एक चौकोनी पेटी काढलेली आणि पेटीच्या बाहेर अधिक चिन्हाचा एक ठिपका.

"आई, चार्ज बाहेर आहे. पेटीच्या सहाही बाजूंवर त्याचं फील्ड, म्हणजे विद्युत क्षेत्र, पोचतंय. एकही बाजू कोरडी नाही. तरी पुस्तक म्हणतं पेटीचा फ्लक्स शून्य. कसा?"

मला गाउसच्या नियमाचं सूत्र आठवत होतं: बंद पृष्ठभागातून जाणारा एकूण फ्लक्स म्हणजे आतला चार्ज भागिले एप्सिलॉन नॉट (एक ठरलेला स्थिरांक). आत चार्ज नाही म्हणून शून्य. सांगून टाकलं. ती म्हणाली, "हे तर पुस्तकातही आहे. मी 'कसा' विचारतेय." तिचं बरोबरच होतं. पंचवीस वर्षांपूर्वी मीही हेच पाठ करून पेपर लिहिला होता आणि माझ्या मनातला 'कसा' तसाच राहिला होता.

म्हणून इथे विचारतेय. मुळात फ्लक्स म्हणजे काय? काहीच वाहत नसताना आपण काय मोजतो? आणि चार्जशी त्याचं इतकं घट्ट नातं का? सूत्रं चालतील, पण सूत्राच्या आधी काहीतरी डोळ्यांसमोर उभं राहिलं पाहिजे.

घाटवाट | रात्री ९:२०

चहा घेऊन बसलोय. छान धागा होणार आहे.

कौलारू | रात्री ९:४८

शेवंतीताई, मी घरं बांधतो, कोकणात. पहिल्या प्रश्नापुरतं माझ्या धंद्यातून सांगतो.

पागोळ्यांचं पाणी टाकीत साठवायचं असेल तर छपरावर किती पाणी पडतं याचा हिशोब लागतो. समजा छपराची एक बाजू १० मीटर लांब, उतारावर मोजली तर ४ मीटर रुंद, उतार ३० अंशांचा. कौलं मोजली तर क्षेत्रफळ ४० चौरस मीटर. १०० मिलिमीटर पाऊस सरळ पडला तर नवा माणूस म्हणतो ४,००० लिटर. पन्हळीतून येतं ३,४६४ लिटर. कारण पावसाला छप्पर दिसतं ते वरून, म्हणजे जमिनीवर पडणाऱ्या त्याच्या सावलीएवढं. ४० गुणिले ३० अंशांचा कोसाइन.

छप्पर जितकं उभं तितका पाऊस कमी. भिंतीसारखं सरळ उभं केलं तर शून्य, भले पाऊस मुसळधार असो. फ्लक्सच्या सूत्रातला कॉस थीटा तो हाच. पावसाच्या जागी फील्ड, कौलांच्या जागी पृष्ठभाग.

तांब्याची_तार | रात्री १०:०५

कौलारूदादा, कॉस थीटा इतका सोपा करून सांगितलेला मी पाहिला नव्हता.

एक दुरुस्ती मात्र करतो, नाहीतर पोरगी पुढे अडेल. पावसात थेंब खरोखर पडतात. विद्युत क्षेत्रात काहीही पडत नाही, वाहत नाही. लॅटिनमध्ये फ्लक्सस म्हणजे वाहणं, तिथून नाव चिकटलं. आपण मोजतो ते एवढंच: पृष्ठभागाच्या बारीक तुकड्यावर फील्ड किती, त्यातलं त्या तुकड्यातून आरपार जाणाऱ्या दिशेचं किती, गुणिले तुकड्याचं क्षेत्रफळ. सगळ्या तुकड्यांची बेरीज म्हणजे फ्लक्स. एकक व्होल्ट-मीटर.

दुसरी गोष्ट चिन्हाची, आणि लेकीच्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे. बंद पेटीला 'आत' आणि 'बाहेर' असतं. बाहेर येणारं फील्ड अधिक, आत शिरणारं उणे. बेरीज करताना चिन्ह सोडायचं नाही.

घाटवाट | रात्री १०:११

म्हणजे दिंडी! एका वेशीतून गावात शिरली, दुसऱ्या वेशीतून पंढरपूरकडे निघाली. गावची लोकसंख्या तीच.

कंदीलवाली | रात्री १०:३०

घाटवाट, दिंडी आवडली :) मी आकाशकंदील बनवते, तेव्हा माझं उदाहरण कागदाचं.

कंदिलात दिवा लावला की सगळ्या कागदातून मिळून बाहेर पडणारा उजेड ठरलेला. (कागद काहीच उजेड खात नाही असं धरा.) कंदील चांदणीचा करा, मडक्यासारखा करा, नाहीतर पारंपरिक षट्कोनी. कागद दिव्याजवळ असेल तिथे उजेड दाट, पण जागा थोडी. लांब असेल तिथे उजेड फिका, पण जागा मोठी. एकूण दिव्याएवढंच.

आता दिवा बंद करा. रस्त्यावरच्या खांबाचा उजेड कंदिलावर पडतोय. एका बाजूने आत येतो, पलीकडच्या कागदातून बाहेर जातो. कंदिलाने स्वतः काहीच दिलं नाही, म्हणून 'बाहेर वजा आत' शून्य.

उनाड_ढग | रात्री १०:५२

दिंडी आणि कंदील दोन्ही सुंदर. पण दोन्हींत एक गोष्ट निसटू नये. दिंडी गावातून जात असताना गल्लीबोळात पाय ठेवायला जागा नसते! लोकसंख्येत फरक शून्य याचा अर्थ गाव रिकामं असा नाही.

एकूण फ्लक्स शून्य म्हणजे फील्ड शून्य असं कधीच समजू नका. बारावीत आणि पुढे बीएस्सीतही सगळ्यात जास्त मुलं इथेच पडतात. पेटीत एक अधिक आणि तेवढाच एक उणे चार्ज शेजारी शेजारी ठेवा. फ्लक्स शून्य, फील्ड मात्र पेटीभर.

आणि कंदीलवालीताई, उणे चार्जसाठी कंदिलात उजेड गिळणारा दिवा लागेल. तसा दिवा बाजारात मिळत नाही, पण कल्पनेत चालून जाईल.

गणितवेडी | रात्री ११:१५

कंदीलवालीताईंच्या 'जवळ दाट पण जागा थोडी' या वाक्यात सगळा गाउसचा नियम आहे. आकड्यांत मांडते.

१ मायक्रोकूलोंबचा चार्ज घ्या (कूलोंब हे चार्जचं एकक, मायक्रो म्हणजे त्याचा दहा लाखावा भाग). त्याच्याभोवती १० सेंटिमीटर त्रिज्येचा कल्पनेतला गोल. फील्ड ९ लाख न्यूटन प्रति कूलोंब, गोलाचं क्षेत्रफळ ०.१२५७ चौरस मीटर. गुणाकार साधारण १ लाख १३ हजार.

आता त्रिज्या दुप्पट करा. फील्ड चौपट कमी झालं, सव्वादोन लाख. क्षेत्रफळ चौपट वाढलं, ०.५०२७. गुणाकार तोच, १ लाख १३ हजार. एक मायक्रोकूलोंबला एप्सिलॉन नॉटने, म्हणजे ८.८५ गुणिले १० चा उणे १२ वा घात या आकड्याने भागून बघा. पुन्हा तोच.

हे जमतं कारण फील्ड अंतराच्या बरोबर वर्गाने घटतं आणि गोलाचं क्षेत्रफळ बरोबर वर्गाने वाढतं. घात २ ऐवजी २.०१ असता तर प्रत्येक गोलाला वेगळा फ्लक्स आला असता आणि चार्जशी असलेलं हे सरळ नातं तुटलं असतं. म्हणून लोक या '२'च्या मागे पिढ्यान् पिढ्या लागले. कूलोंबने १७८५ मध्ये पिळाच्या तराजूने नियम मांडला. त्याच्याही आधी, १७७२-७३ च्या सुमारास, कॅव्हेंडिशने एकात एक धातूचे गोल ठेवून घात २ पासून एक पन्नासांशाहून जास्त ढळत नाही असं दाखवलं होतं. छापलं मात्र नाही! मॅक्सवेलने १८७९ मध्ये ती कागदपत्रं प्रसिद्ध केली तेव्हा जगाला कळलं. १९७१ मध्ये विल्यम्स, फॉलर आणि हिल यांनी १० च्या उणे १६ व्या घातापर्यंत जाऊन पाहिलं. फरक सापडला नाही.

शेवंती | बुधवार, सकाळी ७:०५

रात्री झोपण्याआधी आम्ही दोघींनी सगळं वाचलं. कंदील तिला पटला. छपराचं गणित तिने स्वतः करून पाहिलं, ३,४६४ आलं.

आता तिचा पुढचा प्रश्न. गाउसच्या सूत्रात उजवीकडे फक्त आतला चार्ज. मग डावीकडचं फील्ड कोणाचं? फक्त आतल्याचं, की बाहेरच्यांचंही?

तांब्याची_तार | सकाळी ८:४०

सगळ्यांचं. आतल्या, बाहेरच्या, दूरच्या, सगळ्या चार्जचं मिळून जे फील्ड त्या जागी आहे तेच घ्यायचं. बाहेरचा चार्ज हलवला की पेटीच्या प्रत्येक ठिकाणचं फील्ड बदलतं. कुठे वाढेल, कुठे घटेल, कुठे दिशा फिरेल. पण हे सगळे बदल पेटीभर मिळवले की बेरीज शून्य.

म्हणूनच नुसत्या फ्लक्सवरून एखाद्या ठिकाणचं फील्ड काढता येत नाही. गोल, लांब तार, सपाट पत्रा असं सममित काही असेल तरच काढता येतं. एरवी नियम खरा असतो, फक्त तेवढ्याने उत्तर मिळत नाही.

रांगेतला_मुलगा | सकाळी ९:३०

मीपण बारावीलाच. क्लासच्या टेस्टमध्ये आलं होतं: घनाच्या कोपऱ्यावर क्यू चार्ज, घनाचा फ्लक्स किती? उत्तर क्यू भागिले ८ एप्सिलॉन नॉट. आठ कुठून आले?

गणितवेडी | सकाळी १०:०२

घरात दोन बाय दोनचा रुबिक क्यूब असेल तर हातात घे. बरोबर मधोमध, जिथे आठही तुकड्यांचे कोपरे भेटतात, तिथे चार्ज आहे असं समज. मोठ्या क्यूबच्या आत तो पूर्ण आहे, म्हणून पूर्ण फ्लक्स. आठही तुकडे त्याच्या दृष्टीने सारखे, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला एक अष्टमांश.

पुढचं तूच कर: एका तुकड्याच्या सहापैकी तीन बाजू चार्जला चिकटलेल्या आहेत. फील्ड त्यांच्यावरून घसटत जातं, आरपार जात नाही. कौलारूदादांचं उभं छप्पर! मग उरलेल्या तिघींना प्रत्येकी किती?

रांगेतला_मुलगा | सकाळी १०:१०

एक चोविसांश!! आता नाही विसरणार.

मिरगाचा_पाऊस | सकाळी ११:२५

अवांतर: 'फ्लक्स'ला मराठीत 'अभिवाह' म्हणतात ना? तो वापरूया की. धागा मराठी आणि शब्द परका असं होतंय.

तांब्याची_तार | सकाळी ११:४०

शब्द चांगला आहे, पण त्यातही 'वाह' आलाच. जे वाहत नाही त्याला दोन्ही भाषांनी वाहायला लावलंय. मुलीच्या पुस्तकात जो आहे तोच इथे ठेवू, तिला सोपं जाईल.

घाटवाट | दुपारी १:१५

एक शंका. धातूच्या डब्यात फील्ड शिरत नाही म्हणतात. वीज पडताना पत्र्याची बंद गाडी सुरक्षित, तेही यामुळेच? आत चार्ज नाही म्हणून फ्लक्स शून्य, म्हणून?

उनाड_ढग | दुपारी १:५०

'फ्लक्स शून्य' इतक्या कारणाने नाही. आत चार्ज नसलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याचाही एकूण फ्लक्स शून्यच असतो, आणि फील्ड त्यात खुशाल शिरतं. धातूत इलेक्ट्रॉन मोकळे असतात. ते सरकतात आणि धातूच्या आतलं फील्ड संपेपर्यंत स्वतःला मांडून घेतात. ते मांडणं आतल्या पोकळीचंही रक्षण करतं. फॅरेडेने १८३६ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १२ फुटी चौकोनी खोली बांधून तिला बाहेरून जोरदार चार्ज केलं आणि स्वतः आत बसून उपकरणांनी तपासलं. आत काही नाही.

गाडीचं खरं आहे, काचा बंद आणि आतल्या धातूला हात न लावता. उघड्यावर असाल तर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप जवळ पडणाऱ्या विजेचा इशारा देतं. रानात काम करणाऱ्यांनी ते फोनवर ठेवाच.

पिंपळपान | दुपारी ४:३०

शाळेच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली. फॅरेडेचं नाव निघालं म्हणून लिहितो. चार्ज आणि फ्लक्सचं नातं डोळ्यांनी बघायचं असेल तर त्याचा १८४३ चा बादलीचा प्रयोग करावा. त्याच्याकडे बर्फाची धातूची बादली होती, साडेदहा इंच उंच. आपल्याकडे पिठाचा स्टीलचा डबा चालतो.

थर्माकोलच्या जाड तुकड्यावर डबा ठेवा, झाकण काढून. काचेच्या कोरड्या बरणीच्या प्लास्टिकच्या झाकणातून तांब्याची तार आत सोडा, खालच्या टोकाला ॲल्युमिनियम फॉइलच्या दोन बारीक पट्ट्या लोंबकळत. तारेचं वरचं टोक डब्याच्या बाहेरच्या अंगाला टेकवा. आता पीव्हीसी पाइपचा तुकडा लोकरीच्या मफलरने खसाखसा घासा आणि डब्यात खोल उतरवा, कुठेही न टेकवता.

पट्ट्या फाकतात. पाइप आत डावीकडे न्या, उजवीकडे न्या, आणखी खाली न्या. पट्ट्या जिथल्या तिथे. इथे वर्गातली मुलं गप्प व्हायची. एकदा खोल गेल्यावर पाइप आत कुठे आहे याने काही फरक पडत नाही, किती चार्ज आत आहे एवढ्याचाच फरक पडतो. बाहेर काढला की पट्ट्या पुन्हा मिटतात.

फॅरेडेने पाइपाऐवजी रेशमाच्या दोऱ्याला टांगलेला पितळी गोळा वापरला होता आणि शेवटी तो बादलीच्या तळाला टेकवला. पट्ट्या तसूभर हलल्या नाहीत! गोळा बाहेर काढला तर त्यावर चार्ज उरलेला नाही. म्हणजे गोळ्यावर जेवढा चार्ज, नेमका तेवढाच उलट चार्ज बादलीच्या आतल्या अंगावर आणि तेवढाच सुलट चार्ज बाहेरच्या अंगावर आधीपासून होता.

कौलारू | संध्याकाळी ५:१०

सर, पण डब्याला तर वरून तोंड उघडं आहे. पेटी बंद कुठे झाली? आणि आमच्याकडे आत्ता पाऊस आहे, पट्ट्या फाकतील का?

पिंपळपान | संध्याकाळी ५:४५

दोन्ही प्रश्न हाताने काम करणाऱ्याचे. डबा रुंदीपेक्षा खोल असला आणि पाइप पार खाली असला की तोंडातून फार थोडं फील्ड निसटतं. वर वर धरला तर पट्ट्या कमी फाकतात, तेही मुलांना दाखवावं.

पावसाळ्यात कोकणात नाही जमायचं. दमट हवेत बरणीच्या काचेवर आणि थर्माकोलवर ओलावा धरतो, चार्ज त्यावरून निघून जातो. माझी पाच वर्षं किनाऱ्याजवळच्या शाळेत गेली, तिथे हा प्रयोग मी डिसेंबर-जानेवारीसाठी राखून ठेवायचो, तोही सकाळी ऊन वर आल्यावर.

गणितवेडी | संध्याकाळी ६:२०

सरांच्या प्रयोगामागचं गणित दोन वाक्यांचं आहे. डब्याच्या पत्र्याच्या जाडीतून जाणारा एक बंद पृष्ठभाग कल्पा. धातूच्या आत फील्ड शून्य, म्हणून फ्लक्स शून्य, म्हणून त्याच्या आत एकूण चार्ज शून्य: गोळ्यावर अधिक क्यू असेल तर डब्याच्या आतल्या अंगावर उणे क्यू यायलाच हवा.

उनाड_ढग | रात्री ८:३०

आता सगळ्यात मोठी पेटी घेऊ. पृथ्वी.

आभाळ निरभ्र असताना मोकळ्या मैदानात जमिनीलगत साधारण १०० व्होल्ट प्रति मीटर एवढं फील्ड असतं, दिशा खाली, म्हणजे जमिनीत शिरणारी. पृथ्वीचं क्षेत्रफळ ५१ कोटी चौरस किलोमीटर. सगळीकडे अंदाजे तेवढंच फील्ड धरून गुणाकार करा, त्याला एप्सिलॉन नॉटने गुणा. उत्तर येतं साडेचार लाख कूलोंब. आत शिरणारा फ्लक्स म्हणून चिन्ह उणे. मैदानात उभं राहून केलेल्या एका मापावरून अख्ख्या पृथ्वीच्या पाठीवरच्या चार्जचा अंदाज लागला! हवा किंचित वाहक असल्याने हा चार्ज सतत गळत असतो, आणि जगभरची वादळं तो भरून काढत असतात.

हे फील्ड मोजणारं यंत्र फील्ड मिल. मी त्यावर काम केलंय. एक स्थिर धातूची चकती, तिच्यावर फिरणारं पंख्यासारखं जमिनीला जोडलेलं पातं. पातं चकतीला झाकतं, उघडतं, झाकतं, उघडतं. उघडल्यावर चकतीला फ्लक्स मिळतो, तिच्यावर चार्ज गोळा होतो. झाकल्यावर निघून जातो. १०० चौरस सेंटिमीटरच्या चकतीवर निरभ्र दिवशी हा चार्ज जेमतेम ९ पिकोकूलोंब. तो जा-ये करताना जो क्षीण प्रवाह होतो तोच आपण वाचतो. ढग डोक्यावर आला की आकडा चढू लागतो, पुष्कळदा चिन्हच उलटतं, आणि वीज चमकली की एकदम उडी घेतो. फ्लक्स आणि चार्ज एकाच गोष्टीचे दोन हिशोब आहेत, हे मला खरं कळलं ते त्या यंत्रासमोर.

कंदीलवाली | रात्री ८:४१

दंडवत. वाचनखूण साठवली.

शेवंती | गुरुवार, रात्री ९:५५

सगळ्यांचे मनापासून आभार. आज लेकीने जे केलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तिने पहिलंच चित्र पुन्हा काढलं, पण बाहेरच्या चार्जभोवती तेवढ्याच मापाची दुसरी पेटी काढली. दोन पेट्यांमध्ये एक सामाईक भिंत, चार्ज दुसऱ्या पेटीच्या मध्यावर. म्हणाली, "त्या पेटीला सहा सारख्या बाजू, म्हणून सामाईक भिंतीतून एक षष्ठांश माझ्या पेटीत शिरतो. माझ्या पेटीत चार्ज नाही, म्हणून उरलेल्या पाच भिंतींतून मिळून बरोबर एक षष्ठांश बाहेर गेलाच पाहिजे. आई, हा 'कसा'!"

मग तिनेच विचारलं: चार्ज सरकवत सरकवत भिंतीला अगदी चिकटवला तर?

गणितवेडी | रात्री १०:२०

तिला शाबासकी द्या, ही युक्ती तिची स्वतःची आहे.

भिंतीच्या मधोमध, अगदी चिकटून पण बाहेर: चार्जचं अर्धं जग भिंतीच्या पलीकडे. म्हणून भिंतीतून अर्धा आत, उरलेल्या पाचांतून अर्धा बाहेर. आता चार्ज केसभर ढकलून आत घ्या आणि तिलाच हिशोब करू द्या.

शेवंती | रात्री १०:५८

केला. पाच भिंतींना पत्ताच लागत नाही, त्यांचा अर्धा अर्धाच राहतो. त्या एका भिंतीचं मात्र चिन्ह पालटतं, उणे अर्ध्याचा अधिक अर्धा होतो. एकूण शून्याचा एक झाला. तो एक म्हणजेच क्यू भागिले एप्सिलॉन नॉट.

कॅलेंडरचं पान आता फ्रिजवर लावलंय. डिसेंबरची वाट बघतोय, पिठाचा डबा तिने आत्ताच हेरून ठेवलाय.

पिंपळपान | रात्री ११:०४

डबा घासून पूर्ण कोरडा करा. पिठाचा कणही नको.